करमणूक होणार नाही याची हमी

श्रेणिक गेल्यानंतर पाचव्या महिन्यात मी सरकारला स्टँप पेपरवर लिहून दिलं, की येत्या रविवारी दुपारी एक ते चार या वेळेत मी दाखवणार असलेल्या चित्रपटामुळे उपस्थितांपैकी कुणाचीही करमणूक होणार नाही, आणि झाल्यास तिला मी व्यक्तिशः जबाबदार राहीन. खाली सही केली. टपाल खात्यात एकोणीस वर्षं काढलेला माणूस सही करताना विचार करत नाही. करतो तो नंतर, घरी, चहाची बशी धरताना.

चित्रपट कार्टूनचा होता. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण उशिरा सांगितलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. कार्टूनचा, गाण्यांचा, इंग्रजी, आणि एका जुन्या जाडजूड परदेशी कादंबरीवर बेतलेला. थंड मुलखातल्या रुंद नदीवर एक म्हातारा नावाडी असतो. त्याचा मुलगा पैलतीरी जातो आणि परत येत नाही. म्हातारा घाट सोडून त्याला शोधायला निघतो. वाटेत बेडूक भेटतात, बगळा भेटतो, एक गाणारी पिठाची गिरणी भेटते. कादंबरीत म्हातारा चाळिसाव्या प्रकरणात बर्फाच्या पाण्यात बुडून मरतो. चित्रपटात तो पोचतो, मुलगा भेटतो, आणि दोनशे बेडूक एका सुरात गातात.

या दोन शेवटांपैकी खरा कुठला, यावर आम्ही चौघं तीन वर्षं दर रविवारी चार वाजता माझ्या घरी भांडत होतो.

गणपती सर मूळचे आजऱ्याचे, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. कादंबरी अख्खी वाचलेला कोल्हापुरातला एकमेव माणूस आपण आहोत, असं ते सांगायचे. खोडून काढायला दुसरा वाचलेला माणूस सापडला नाही. त्यांच्या मते चित्रपट म्हणजे पाप होतं. ते पाप त्यांनी सव्वीस वेळा पाहिलं होतं. प्रीती दवाखान्यात परिचारिका. तिला सगळी गाणी पाठ. ती म्हणायची, "सर, माणसं मरताना मी आठवड्यातले सहा दिवस बघते. सातव्या दिवशी एक म्हातारा पोचला तर तुमचं काय जातं?" मी गाण्यांचा माणूस. माझी आई पारूबाई लोकांच्या दारी दळण दळायची, आणि तिच्या ओव्या ऐकत मी जात्याच्या कडेला झोपलेलो. त्या नावाड्याचं पहिलं गाणं ऐकलं तेव्हा इंग्रजी निम्मं कळलं नाही, पण चाल जात्याचीच वाटली. मी त्या गाण्यांच्या ओव्या केल्या होत्या. कुणी करायला सांगितलं नव्हतं.

चौथा श्रेणिक. शिरोळच्या बाजूला नदीकाठी त्याचं गाव. शेतीपंप दुरुस्तीचं दुकान, वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही, घरात आई आणि तो. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मोटारसायकलवरनं यायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्याला दोन वाजता मोबाईलवर फोन केला. म्हटलं, "सर आज पडतं घ्यायला तयार हायत. आत्ताच नीघ. थांबू नको." तो म्हणाला, "आलोच." एरवी तीनला निघणारा माणूस दोनलाच निघाला. वळणावर उसाची ट्रॉली चाक निखळून उभी होती; त्याला ती दिसली नाही. ती अडीच वाजता बाजूला काढली, असं नंतर कळलं.

त्या फोनबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. सरांना नाही, प्रीतीला नाही, बायकोलाही नाही.

जूनच्या शेवटी त्याची आई आमच्या दारात उभी राहिली. पद्मावती अक्का. एसटीनं एकट्या आल्या होत्या. माझी बायको संघप्रिया पाणी घेऊन आली, तर त्यांनी स्वतःच्या पिशवीतली गाळलेल्या पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, आणि खोलीभर बघितलं.

"हितं बसत होता व्हय?"

मी खुर्ची दाखवली. त्या खुर्चीकडं बघत राहिल्या, बसल्या मात्र सतरंजीवर.

"गावात काय बोलत्यात ठावं हाय? म्हणत्यात, कोल्हापुरात बाई ठेवली व्हती. कोण म्हणतंय मटका. दर रविवारी इस्त्री करून कुठं जातंय गडी? मी सांगितलं, पिच्चरवर बोलायला जातोय. तर हसली माणसं. मयतीला आलेली माणसं हसली."

मी म्हटलं, "अक्का, खरंच तो पिच्चरवरच बोलायला यायचा."

"मला ठावं हाय की. त्यास्नी ठावं न्हाय. दाखवा."

"काय?"

"त्यो पिच्चर. सगळ्या गावाला दाखवा. दिवसा दाखवा, मी दिवस मावळल्यावर भायेर पडत न्हाय."

एवढंच. चहाही न घेता त्या परत गेल्या. प्रकल्प म्हणून बघितलं तर फारच किरकोळ होता: एक चकती, एक यंत्र, एक पडदा, एक गाव.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या आण्णांनी दिला. आण्णा एसटीतनं कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले; सल्ला देताना अजूनही गाडी फलाटावर लागल्याचं जाहीर करावं तसा देतात. "अतुलराव, एक ऐका. भजन ठेवा. भजनाला कोण नाव ठेवत नाही."

"आण्णा, तो भजनाला येत नव्हता. कार्टूनला येत होता."

"तेच तर. तुम्ही आता गावासमोर जाऊन सांगणार, की बाबांनो, ह्या माणसाला चित्रातल्या बेडकांचा नाद होता. त्यापेक्षा बाई बरी की हो! निदान वयाला शोभतं."

हे वाक्य त्यांनी जिन्यात, तीन बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ऑफिसातल्या कुणीतरी कागदाचा बेडूक करून ठेवला होता. छान केला होता. मागनं दाबला की उडी मारायचा. मी तो कार्यालयीन गांभीर्यानं रजिस्टरखाली ठेवला. एका आवकजावक कारकुनाच्या आयुष्यात मानहानीचे प्रसंग पुष्कळ येतात, पण उडी मारणारी मानहानी मी प्रथमच पाहत होतो.

मग परवानगी. सार्वजनिक जागी चित्रपट दाखवायचा तर सरकारी कचेरीतनं कागद लागतो, ही माहितीही आण्णांचीच. ते गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्यांनी ती माहिती कचेरीतल्या ओळखीच्या माणसालाही दिली, त्यामुळं मला जावंच लागलं.

कचेरीत टेबलामागं एक सडपातळ साहेब होते. वाईट माणूस नव्हे. कानाला मफलर, समोर छापील तक्ता: नाटक, तमाशा, सर्कस, चित्रपट, जादूचे प्रयोग, इतर.

"करमणुकीचा प्रकार?"

"शोकसभा."

त्यांनी तक्ता वरनं खाली आणि खालनं वर वाचला. "शोकसभेला परवानगी लागत नाही."

"मग बरं झालं."

"चित्रपटाला लागते. शोकसभेत चित्रपट असला तर तो चित्रपट झाला."

"साहेब, पण चित्रपट दुःखासाठी दाखवतोय."

"दुःखाचे चित्रपट लोक पैसे देऊन बघतात. ती करमणूकच." त्यांनी चष्मा पुसला. "कथा कुणाची?"

मी कादंबरीकाराचं नाव सांगितलं. "त्यांची ना हरकत आणा."

"ते वारले."

"अरेरे. कधी?"

"दीडशे वर्षं झाली."

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

मी तिथं वाद घालायला हवा होता. पण सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला जन्म गेलेला माणूस बाहेरच्या बाजूला उभा राहिला की त्याला त्या टेबलाचं म्हणणं पटायला लागतं. मी गणपती सरांकडं गेलो. सरांनी कादंबरीच्या प्रस्तावनेचं पान झेरॉक्स केलं, त्यातल्या मृत्यूच्या तारखेखाली लाल रेघ ओढली, आणि एका राजपत्रित अधिकाऱ्याकडनं त्यावर 'खरी प्रत' असा शिक्का मारून आणला. दाखवताना सरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अतुल, चाळीस वर्षं वाचतोय ह्या माणसाला. आज प्रथमच तो खरोखर गेल्यासारखा वाटला."

साहेबांनी दाखला ठेवून घेतला आणि बराच वेळ पेन्सिल चावून तोडगा काढला. करमणूक कर माफ होईल, पण करमणूक होता कामा नये. तसं हमीपत्र द्या. आणि खात्री करायला मी स्वतः येईन.

"कशाची खात्री?"

"लोक हसतात का, याची."

गावातल्या दूध संस्थेचा हॉल मिळाला. संकलनाच्या वेळेआधी रिकामा करायच्या अटीवर. हॉलला अकरा खिडक्या आणि एकीलाही दार नाही. जुलै महिना, दुपारचा एक, आणि चित्रपटाला अंधार हवा. गावानं नदीच्या पुरासाठी काढून ठेवलेल्या ताडपत्र्या आम्ही मागून आणल्या आणि खिडक्यांवर ठोकल्या. आत अंधार झाला. त्याबरोबर हवाही गेली. वैरण, दूध, ओल्या घोंगड्या आणि दोनशे माणसं असा एक वास तयार झाला, तो माझ्या त्या शर्टातनं अजून गेलेला नाही.

दोनशे माणसं आली, हे खरं. कशापायी आली हे मला पडद्यामागं उभं राहून ऐकू येत होतं.

"ती बाई आलीय म्हणं बघायला मिळंल."

"कोणची?"

"ती न्हवं का चष्मेवाली. नर्स हाय म्हणं."

प्रीतीनं हे ऐकलं. ती पुढच्या खुर्चीवर ताठ बसून राहिली, आणि मला दिसलं की तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलंय. अक्का तिच्या शेजारी येऊन बसल्या. शेजारीच, मध्ये खुर्ची न सोडता. हॉलमधली कुजबुज वाढली.

मी माईक घेतला. गावकऱ्यांना समजावून सांगितलं, की हा कार्यक्रम श्रेणिकच्या आठवणीचा आहे, पुढं बसलेले साहेब सरकारकडनं आलेत, आणि कुणी हसलं तर त्याचा ताप आम्हाला होईल. कुणीही कृपा करून हसू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोल्हापुराकडचा माणूस उगीच ऐकत नाही. पण मयताच्या कामाला कमी पडत नाही.

यंत्र केतन नावाच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याचं होतं. त्यानं चकती घातली, पडद्यावर उजेड पडला आणि हळदीला सुरुवात झाली. कुणाच्या तरी लग्नाची चकती होती. केतन ती बदलायला गेला तर यंत्राचं झाकणच उघडेना. पाच मिनिटं गावानं अनोळखी माणसांची हळद बघितली. एकानंही तोंडातनं शब्द काढला नाही. श्रेणिक ह्यासाठी कोल्हापूरला जात होता असं त्यांना वाटलं असावं. धोंडुबाई नावाची एक म्हातारी तेवढी हळूच म्हणाली, "पोरगी चांगली हाय. त्यानंच करायची व्हती."

अक्कांनी मागं वळून बघितलं नाही.

मग एकदाचा चित्रपट सुरू झाला. इंग्रजी कुणाला कळणार नाही म्हणून मी माईकवर गाण्यांच्या ओव्या म्हणायचं ठरवलं होतं. पैलतीरावरचा दिवा दिसला तशी मी पहिली म्हटली:

पैल तीराला दिवा गं, कुणी लाविला सांजंला
माझं वल्हं बुडं बाई, माझ्या आसवाच्या पाण्याला

आवाज बरा लागला. मागच्या बाजूला एकदोघी नाक ओढू लागल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, चेहऱ्यावरनं समाधानकारक असावं. इथपर्यंत हमीपत्राला कुठं धक्का नव्हता.

मग बेडूक आले. त्या बेडकांना काय म्हणू! चित्रकारानं एकेकाचं पोट वेगळं काढलंय. मी आधीच ठरवलं होतं की ती ओवी गाळायची. पण गाणं सुरू झालं, ठेका आला, आणि जीभ माझ्या हमीपत्रावर सही करायला आलेली नव्हती.

बेडूक म्हणं बेडकीला, उद्याच लगीन लावू
आभाळ फाटलंच हाय, मांडव कशाला घालू

हॉल हलला. पण आवाज नाही. दोनशे माणसांनी एकदम श्वास धरला. धोंडुबाईनं तोंडात पदराचा बोळा घातला. एक पैलवान गडी उठला, गंभीर चेहऱ्यानं हात जोडून साहेबांच्या समोरनं बाहेर गेला, आणि ताडपत्रीमागनं म्हैस शिंकावी तसा आवाज आला. दोन मिनिटांनी डोळे पुसत परत येऊन बसला. ते बघून दुसरा उठला. मग तिसरा. दाराशी रांग लागली. एकेक जण सुतकी चेहऱ्यानं बाहेर जायचा, पावसात उभा राहून हसून यायचा, आणि ओला होऊन पुन्हा दुःखाला बसायचा.

मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "हॉलच्या बाहेरची करमणूक माझ्याकडं येत नाही." मफलर मात्र त्यांनी नाकापर्यंत ओढून घेतला होता.

अक्का हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. हिशेबाच्या बाहेरचं काहीतरी समजून घ्यावं तशा पडद्याकडं बघत राहिल्या.

चित्रपट संपला. नावाडी पोचला. बापलेकांनी मिठी मारली. आम्ही एक ताडपत्री खाली ओढली, उजेड आला, आणि ज्याची मला भीती वाटायला हवी होती पण वाटली नव्हती, ते झालं.

पैलवान उठून म्हणाला, "पावणं, एक इचारू? राग नका धरू."

"विचारा की."

"तीन वरीस. दर रविवारी. चाळीस किलोमीटर जायाचं, चाळीस यायाचं. ह्येच्यासाठी?"

"व्हय."

त्यानं हॉलभर नजर फिरवली. "न्हाय बा. पोरांचा पिच्चर हाय ह्यो. चांगला हाय, पर एकदा बगायचा पिच्चर हाय. आणि कायतरी असणार."

"असणारच," मागनं कुणीतरी म्हणालं. दोनचार डोकी प्रीतीकडं वळली.

मला ताडपत्री तोंडावर ओढून घ्यावीशी वाटली. आम्ही पुरावा आणला होता आणि पुराव्यानंच खटला बुडवला होता. मयताच्या दिवशी निदान शंका होती. आता दोनशे माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघून खात्रीनं घरी जाणार होती. अक्का खुर्चीत तशाच बसल्या होत्या. त्यांचे ओठ किंचित हलले. बहुतेक त्यांनाही तेच वाटलं असावं, आणि ते बघणं मला जमेना.

आम्हाला वाचवलं गणपती सरांनी, आणि तेही हेतू नसताना. त्यांचं लक्षच नव्हतं. सत्ताविसाव्यांदा पाप बघून ते धुमसत होते. ते उठले आणि पैलवानावरच ओरडले, "चांगला आहे? काय चांगला आहे? अहो, तो म्हातारा पोचत नाही! मूळ पुस्तकात तो मरतो! हे खोटं आहे, धादांत खोटं!"

प्रीती ताडकन उठली. "सुरू झालं? सर, आज तरी गप्प बसा."

"आजच का गप्प बसू? चाळीस प्रकरणं त्या माणसानं रक्त आटवून लिहिली, ती काय शेवटी बेडकांनी नाचायला?"

"मग काय सगळ्यांनी मरायचं? तुमच्या त्या लेखकाला एकदा माझ्या वॉर्डात नाईट करायला पाठवा. मग बघू चाळिसावं प्रकरण कसं लिहितोय!"

"तुला साहित्य कळत नाही!"

"तुम्हाला माणूस कळत नाही!"

मी माईक घेऊन मध्ये पडलो. शांत करायलाच; देवाशपथ म्हणणार होतो, पण आमच्या बौद्ध घरात ती पद्धत नाही. आणि मध्ये पडल्यावर माझ्या तोंडनं निघालं, "शेवट गेला खड्ड्यात, चाल बघा की! शेवटच्या गाण्यात पहिल्याच गाण्याचा सूर उलटा लावलाय, त्यो ऐकलाय का तुमच्यापैकी एकानं तरी?"

"तुझ्या चालीचं कौतुक पुरे!" असं दोघंही एकदम म्हणाले.

पुढची वीस मिनिटं आम्ही दोनशे माणसांसमोर भांडलो. सरांच्या धोतराचा सोगा सुटला. प्रीतीचा चष्मा खाली पडला, तो धोंडुबाईनं उचलून धरला. माझा माईक चालू असल्यानं ते भांडण नदीपर्यंत गेलं असणार. साहेब सुरुवातीला लिहीत होते, मग पेन बंद करून त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "पण बगळा का म्हणून वाट दाखवतो? बगळ्याचा काय संबंध?" सर त्यांच्यावरही ओरडले.

अचानक माझ्या ध्यानात आलं, की हॉल गप्प झालाय. ते गप्प बसणं मघासारखं नव्हतं. पैलवान तोंड उघडं टाकून आमच्याकडं बघत होता.

"आयला," तो सावकाश म्हणाला, "ही खरंच ह्येच्यावरच भांडत्यात."

अक्का बोलल्या. अख्ख्या दुपारात पहिल्यांदाच. "आन् माझ्या पोराचं काय म्हणणं व्हतं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, प्रीतीनं माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत आम्ही एकमेकांची म्हणणी तोंडपाठ केली होती, पण त्याचं म्हणणं आम्ही तिघांनी मिळून हसण्यावारी नेलेलं. मी माईक बंद केला.

"अक्का, तो म्हणायचा, म्हातारा मेला काय आणि पोचला काय, ते नंतर बघू. तो घाट सोडून गेला तेवढे दिवस नाव कुणी चालवली? दोन्ही काठांना माणसं खोळंबली असतील. कुणाचं बाळंतपण असंल, कुणाची लेक माहेरी यायची असंल. त्यांचं एकसुद्धा चित्र का काढलं नाही? असं विचारायचा. दर रविवारी."

आधी धोंडुबाई हसली. पदर बाजूला करून, उघडं. "ह्यो श्रेणिकच की गं बाई!"

"त्योच," पैलवान म्हणाला. "गेल्या साली पाणी आलं तवा गुळाच्या काहिलीत बसून आमची म्हातारी काढली त्यानं. मी म्हटलं, आदी तुझी आई काढ. तर म्हणला, ती वरल्या मजल्यावर हाय, थांबंल ती." त्यानं गळ्यातला टॉवेल तोंडावरनं फिरवला. "बरोबर बोलत व्हता. नावाडी नाव टाकून जातोय व्हय कुठं? पिच्चर काढणाऱ्याला नदीच ठावं न्हाय."

मग गावच भांडायला उठलं. वल्हं एवढं आखूड असतं का, एवढ्या वढीत नाव सरळ कशी जाईल, थंडीचं पाणी असं दिसतं का. नदीकाठची माणसं ती. त्या चित्रकाराला त्यांनी उभा चिरला. सर एकट्यानं तिघांना तोंड देत होते. प्रीतीला बायकांनी आपल्यात ओढून घेतलं होतं आणि तिथं म्हाताऱ्यानं पोचावं की नाही यावर वेगळीच सभा भरली होती. बाईचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दुधाच्या किटल्या घेऊन माणसं दाराशी येऊन थांबली, तीही ऐकत थांबली.

मी आनंदात असायला हवं होतं. ज्यासाठी आलो ते झालं होतं. अक्का उठून दाराकडं निघाल्या तेव्हा त्यांचा चेहरा सैल पडला होता, पाच महिन्यांचं ओझं कुणीतरी डोक्यावरनं उतरून घेतल्यासारखा. त्या माझ्यापाशी थांबल्या. "लई उपकार झालं," म्हणाल्या. आणि तो शब्द मला सोसला नाही. शिवी दिली असती तर मी गप्प बसलो असतो आणि ती घेऊन घरी गेलो असतो.

"अक्का, त्या दिवशी मी फोन केलता त्याला."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"दोन वाजता. आत्ताच नीघ म्हटलं. थांबू नको म्हटलं. तो तीनला निघाला असता तर ट्रॉली हलली असती. मी कुणाला सांगितलं न्हाय."

आमच्यामागं कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं की बर्फात बेडूक असतातच कुठं. पाऊस थांबला होता. ताडपत्रीवरनं पाणी टपकत होतं.

"म्हंजे तुमी वाट बघत व्हतासा त्याची," अक्का म्हणाल्या.

"व्हय."

"मी बी बघतच व्हते की."

आवाजात राग नव्हता. कुठल्या गाडीनं जायचं ते सांगावं तसं सांगितलं त्यांनी. पदर नीट केला आणि पायऱ्या उतरायला लागल्या. पायऱ्या तीनच होत्या, पण ओल्या होत्या, आणि त्यांना उतरायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला हात पुढं करता आला असता.

मी तिथंच उभा राहिलो, बंद माईक हातात धरून.